दिलेल्या दारी

सोलापूर, बाळीवेस
१८ जुलै १९७६

चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. फाडून टाकायचं असेल तर टाक, पण आधी वाच. कामाचं पत्र आहे.

चिगरी परत आली आहे. गुरुवारी मी तिला घरी आणलं. तिला बरं नाही. नुसती हाडं आणि कातडं उरलंय. तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो, तेव्हा मलमपट्टी मला कुणी शिकवायला नको. पण ती खात नाही. भाकरी दुधात कुस्करून दिली, ताकातल्या कण्या दिल्या, तुझ्या आईनं तर सणासुदीसारखी गव्हाची खीर केली. ती वास घेते आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसते. पाणी तेवढं पिते. आज चौथा दिवस. आणखी आठवडाभर असंच चाललं तर ती राहायची नाही.

तू होतीस तेव्हा ती ताटली चाटूनपुसून खायची. तू मागच्या अंगणाचं दार लोटून घ्यायचीस आणि आत तिला काय द्यायचीस, कशी द्यायचीस, हे मी कधी बघायला आलो नाही. कुत्र्याचे लाड बघायला मला वेळ नव्हता. आता वेळच वेळ आहे. मी मार्चात रिटायर झालो.

तर तू काय करायचीस ते चार ओळींत कळव. सोबत कोरं कार्ड ठेवलंय, त्यावर आपला पत्ताही घातलाय. तुला नुसतं लिहून पेटीत टाकायचं आहे. तुझा भिवंडीचा पत्ता तुझ्या आईनं दिला. तिच्याकडे तो कुठून आला हे मी विचारलं नाही.

मधली अडीच वर्षं ती कुठे होती, असं तू विचारशील. चांगल्या घरी दिली होती. बंगला होता. बाकी पुढे कधी.

वीरभद्रप्पा


सोलापूर
१ ऑगस्ट १९७६

चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

कार्ड पोचलं. चार ओळी मागितल्या तर मोजून चारच लिहिल्यास. पाचवी लिहिली असतीस तर पोस्टानं काही जादा तिकीट मागितलं नसतं. असू दे. हा हट्टीपणा तू कुणाकडून घेतलास ते मला माहीत आहे.

तर अंडं! दुधात फेटलेलं अंडं, आणि देणाऱ्यानं तिच्याकडे पाठ करून बसायचं. म्हणजे गळ्यात लिंग बांधणाऱ्या माणसाच्या घरात, मागच्या अंगणात, दोन वर्षं रोज एक अंडं फुटत होतं आणि मला वाससुद्धा आला नाही. अंडी कुठून यायची तेही लिहिलंयस. नागम्माच्या कोंबड्यांची. नागम्मा म्हणजे अंबादासची आई, आता तुझी सासू. आणि तुमची गाठ पडल्याचा दोष मी इतके दिवस तुझ्या टायपिंगच्या क्लासला देत होतो.

आयुष्यात पहिल्यांदा अंडं विकत घेतलं. बाळीवेशीत घेणं शक्यच नव्हतं, साखर पेठेपर्यंत चालत गेलो. दुकानदारानं विचारलं, "कित्ते होना चाचा?" मी एक बोट दाखवलं. माझा जुना ड्रेसिंगचा डबा बरोबर होता, त्यात कापसाच्या थरात ठेवून आणलं. वाटेत दोघांनी विचारलं, अप्पा, कुणाची गाय आजारी? म्हटलं, आहे एक. घरी येऊन अंगणात बसून ते फोडलं तर निम्मं माझ्या धोतरावर. तुझी आई चौकटीत उभी राहून सगळं बघत होती. आतून एक जुनी वाटी आणून ठेवली आणि म्हणाली, "ही आता तिचीच. आत आनू नका."

वाटी ठेवली आणि पाठ करून बसलो. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, गेलं माझं सोवळंही आणि कुत्रंही. मग मागून चाटल्याचा आवाज यायला लागला. वळून बघावंसं फार वाटलं, पण तू बजावलं होतंस म्हणून बघितलं नाही. दाक्षा, मला तिथं बसल्या बसल्या रडू आलं. आता ती दोन वेळा खाते.

चौथ्या ओळीत तू विचारलंयस की तिची अशी दशा कुणी केली. सात रस्त्याकडे एका कंत्राटदाराचा बंगला आहे, त्याला मी ती दिली होती. कारवानी म्हणजे शिकारीचं कुत्रं, ते बांधून राहत नाही आणि परक्याला अंगाला हात लावू देत नाही, हे मी त्याला बजावून सांगितलं होतं. पहिलं त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्याला तो घाबरला. घाबरला म्हणून साखळी कधी सोडलीच नाही, आणि पट्टा सैल करायला जवळही कुणी गेलं नाही. ओढून ओढून तो पट्टा तिच्या मानेच्या कातडीत रुतला. जखमेत किडे पडून वास सुटला तेव्हा त्यांनी दवाखान्यात निरोप पाठवला. तिला धरायची कुणाची छाती होईना, म्हणून डॉक्टरांनी रिटायर झालेल्या मला बोलावून घेतलं. कुठल्या बंगल्यावर जायचं ते ऐकलं आणि हातातला चहा तसाच टाकून निघालो.

तिनं मला ओळखलं. गुरगुरली नाही. मी कात्रीनं पट्टा कापत होतो तेव्हा तिनं मान माझ्या मांडीवर टाकली. गेली अडीच वर्षं जिनं माझं तोंडही बघितलं नव्हतं तिनं. कंत्राटदार म्हणाला, घेऊन जा, मी आता अल्सेशियन आणतोय. टांगेवाला तिला घ्यायला तयार होईना. सात रस्त्यापासून बाळीवेशीपर्यंत हातांवर उचलून आणली. आता तिचं वजन ते काय राहिलंय!

अप्पा


सोलापूर
२६ सप्टेंबर १९७६

चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

या वेळी पानभर लिहिलंस, पण पानभर एकच प्रश्न विचारलास. सात रस्ता घरापासून चालत अर्ध्या तासावर, आणि अडीच वर्षांत एकदाही जाऊन बघावंसं वाटलं नाही?

रीत तुला माहीत आहे. मंद्रूपच्या बसप्पाचा बैल मी पोटफुगीतून वाचवला म्हणून त्यानं हे पिल्लू दिलं. चिगरी म्हणजे कानडीत हरीण, ते नावही त्याचंच. नारळ तुझ्या हातात ठेवून तो काय म्हणाला होता? "आता वरीसभर तुमच्या दारात यायचा न्हाय मी." तिकडे सगळे हेच पाळतात. कारवानी दिली की दिलेल्या दारी वर्षभर जायचं नाही. जुना धनी दिसत राहिला तर ती नव्या घरची होत नाही, अन्न सोडते. बसप्पा बाजाराला सोलापुरात यायचा, पण आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन वळून जायचा. मीही तेच पाळलं.

हे झालं चारचौघांत सांगायचं उत्तर. खरं उत्तर असं की वर्ष संपून पुढे दीड वर्ष उलटलं होतं. तेव्हा मला कुठल्या रीतीनं अडवलं नव्हतं. ती मला बघून काय करेल, या भीतीनं मी गेलो नाही.

आणि मुळात दिली का, हेही आज लिहून टाकतो. तू गेलीस त्यानंतर ती रोज संध्याकाळी सहाला, तुझा क्लास सुटायच्या वेळेला, गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची. आठ दिवस. दिवेलागण झाली की खाली मान घालून परत. सगळी गल्ली बघायची. समोरची अंबुबाई दारात बसून म्हणायची, "बगा की, अजून वाट बगतीया पोरीची." मला वाटायचं ती मलाच टोचून बोलते. नवव्या दिवशी मी चिगरीला कंत्राटदाराच्या जीपमध्ये चढवलं. तिला चांगलं घर मिळावं म्हणून नव्हे. मला त्या कोपऱ्यावर जाऊन उभं राहायची लाज वाटत होती आणि ती बिनदिक्कत उभी राहत होती, हे मला बघवेना.

राग आला असेल तर राग धर, पण पुढचं ऐक.

आपण चिगरी आणली तेव्हा लोक विचारायचे, अप्पा, ह्या कुत्र्याला खायाला घालत न्हाई व्हय? तिची बारीक कंबर त्यांना उपासमार वाटायची. आता त्यांनाच कारवानी पाहिजे. पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनात एका कारवानीला बक्षीस मिळालं आणि पेपरात फोटो आला, तेव्हापासून हे खूळ सुरू झालंय. तिकडे गावात शिकार कायद्यानं बंद, म्हणून कुत्र्यांना काम नाही. इकडे डॉक्टर, वकील, कारखान्याचे डायरेक्टर सगळ्यांना उंच, ऐटबाज कुत्रं दाराशी हवं. पिल्लू असताना कौतुक. वर्षाचं झालं की ते पायरीवरून उडी मारून कोंबडीमागे पळतं, पाहुण्याला हात लावू देत नाही, साखळीला हिसडे मारतं. मग सोडून देतात हमरस्त्यावर. चिगरीची गोष्ट पसरल्यावर लोक ही कुत्री आपल्या दारात आणून बांधायला लागले. ऑगस्टपासून पाच आली. अंबुबाई मला कुत्र्यांचा मामा म्हणते. तुझी आई म्हणते, त्यांची आई झाले मी, मग हे मामा कसे?

त्यातल्या एकाला एका डॉक्टरीणबाईंनी प्रिन्स नाव ठेवलं होतं. त्याला मी बसप्पाकडे दिला. रीतीप्रमाणे नारळ दिला, आणि आठव्या दिवशी मंद्रूपला जाऊन उभा राहिलो. बसप्पा आधी "बर्री अप्पा, कूडरी," म्हणाला, बसायला घोंगडं टाकलं, आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"आवो, वरीस कुटं झालंय? दिलेल्या कुत्र्याच्या दारात येतंय व्हय कुनी?"

"मी येतो."

"त्ये तुमच्या मागं लागंल. मंग हितं ऱ्हायचं न्हाय."

"नाही राहिलं तर नाही. मला त्याचा गळा बघायचाय."

"माज्यावर इस्वास न्हाय तुमचा?" तो चिडून उभाच राहिला. "माजा बा, माजा आज्जा, समद्यांनी पाळली की ही रीत!"

मी म्हटलं, बसप्पा, रीत मीही पाळली होती, म्हणून एका कुत्र्याच्या मानेतून मला पट्टा कापून काढावा लागला. कुणाच्या मानेतून, ते मात्र सांगितलं नाही. त्याचं पिल्लू होतं ते, जीभ रेटेना. मी प्रिन्सच्या गळ्याखाली बोटं घालून बघितली, कान बघितले, पंजे बघितले. तो माझ्या मागे लागला नाही. बांधावर उभा राहून शेपूट हलवत राहिला, एवढंच.

आता चिगरीचं काय करायचं? ती तुझी. रेल्वेत गार्डाच्या डब्याशी कुत्र्यासाठी पेटी असते, मी चौकशी केली आहे. पाठवू का? कुणीतरी आणून सोडेल. मीच येईन असं नाही, पण सोय होईल.

अप्पा


सोलापूर
२८ नोव्हेंबर १९७६

चि. सौ. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हाती पडून तीन आठवडे झाले. रोज उत्तर लिहायला बसत होतो.

तू लिहिलंस, खोली दहा बाय बाराची, त्यात आम्ही चौघं, रांगतं मूल आहे, ते मिळेल ते तोंडात घालतं, कुत्रं कुठे ठेवू? वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. चौघं कशी? तू, अंबादास, नागम्मा. चौथं कोण ते कळायला मला इतका वेळ लागला.

तुझी आई जोंधळे पाखडत होती. तिच्यासमोर पत्र धरलं. तिला वाचता येत नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं.

"मुलगी हाय," म्हणाली. "धा महिन्यांची. वसुधा नाव."

"तुला कसं माहीत?"

"मी तितंच हुते की."

संक्रांतीनंतर ती बार्शीला बहिणीकडे गेली होती पंधरा दिवस. बहिणीच्या गुडघ्याला वात आला होता. मी स्वतः तेलाची बाटली भरून दिली होती त्या गुडघ्यासाठी! ते तेल तुझ्या लेकीच्या अंगाला लागलं म्हणे. बैलाच्या खांद्याला लावायचं तेल ते, नशीब पोरीचं.

मी विचारलं, "मग पंधरा दिवस तिथं जेवलीस?"

"न्हाय, उपाशी ऱ्हायले! बाळंतिनीला रांदून घालायला गेले आन् सोता उपाशी? काय इचारताय वो."

आणि परत येऊन त्याच हातांनी ती दहा महिने मला वाढते आहे. मी रोज लिंगपूजा करून पानावर बसतो आणि पोटभर जेवतो. काही झालं नाही मला. उलट वजन वाढलंय.

तू जाताना, बाळंतपणालासुद्धा या दारात यायचं नाही, असं मी म्हणालो होतो, असं तुझी आई सांगते. मला आठवत नाही, असं मी तिला म्हटलं. तुला खरं सांगतो. आठवतं. शब्दन्‌शब्द आठवतो.

दाक्षा, मी चुकलो. ही ओळ लिहायला तीन आठवडे लागले. दिलेल्या दारी जायचं नाही, ही कुत्र्यांची रीत. लेकीसाठी असली रीत आपल्यात कुणी केलेली नाही, ती मी एकट्यानं केली. आणि तुला तर मी दिलंही नव्हतं. तू एकटी गेलीस, पाठीवर कुणाचा हात नव्हता.

ती कुणासारखी दिसते? तुझ्या आईला विचारलं तर म्हणते, तिलाच विचारा. माझ्यावर सूड उगवते आहे. उगवू दे.

अंबादासना आशीर्वाद. चिगरी इथेच राहील, तू काळजी करू नकोस.

तुझा अप्पा


सोलापूर
२३ जानेवारी १९७७

चि. सौ. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

चिगरी इथेच राहील असं लिहिलं होतं. नाही राहिली. मंगळवारी तिला मंद्रूपला बसप्पाकडे सोडून आलो.

खरं म्हणजे दिवाळीनंतरच द्यायला हवी होती. अंगावर मांस आलं, मानेवर केस उगवले, पण आपलं अंगण केवढं? चार ढांगा टाकल्या की भिंत. ती पुढचा पाय चाटायला लागली. बसल्या बसल्या एकाच जागी चाटून चाटून तिथं जखम केली. मी पट्टी बांधायचो, ती सोडायची. जनावर असं करायला लागलं की त्याला मलम नको, रान पाहिजे. तीस वर्षं मी हे लोकांना सांगत आलो आणि स्वतःच्या अंगणात दोन महिने नुसत्या पट्ट्या बदलत बसलो.

का बसलो ते तुझ्या आईनं ओळखलं. म्हणाली, "ती हाय तवर तुमाला कागद लिवायला कारन हाय." बरोबर बोलली. चिगरी जेवली, चिगरीचा पाय, चिगरीचं वजन, असं काहीतरी लिहून तुला पत्र टाकता येतं. ती गेली की मी काय लिहू? एका मुक्या जनावराला मी पत्राच्या मजकुरासाठी अडकवून ठेवलं होतं. कंत्राटदारानं साखळीनं बांधलं, मी पट्टीनं.

बसप्पाला या वेळी सगळं सांगितलं. तो चिगरीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "माजं पिल्लू तुमी बंगल्याला दिलं. मला एक सबूद न्हाय. मी आलो नसतो व्हय न्यायाला?" मी मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यानं तिला शाळूच्या रानात सोडली. कणसं भरली आहेत, पीक माणसाच्या डोक्यापर्यंत. ती बांधावर क्षणभर थबकली आणि सुटली. दाक्षा, मी तिला अशी पळताना कधी बघितलंच नव्हतं. तू सकाळी तिला किल्ल्यामागच्या मोकळ्या जागेत न्यायचीस तेव्हा मी पूजेला बसलेलो असायचो. पाय जमिनीला लागत नव्हते तिचे. नुसती शाळूची पानं हलत गेलेली दिसायची, आणि प्रिन्स मागे धापा टाकत. मी आणि बसप्पा, दोघं म्हातारे, टाळ्या पिटत उभे.

एसटी आली तेव्हा ती बसप्पाच्या पायाशी उभी होती. माझ्यामागे आली नाही. मला बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं. बसप्पा गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "अप्पा, आता वरीसबिरीस काय न्हाय. उद्या आला तरी चालतंय. आमी सोडली ती रीत."

तर आता माझ्याकडे लिहायला काही नाही. बिनकारणाचं हे पहिलं पत्र. घर शांत आहे. संध्याकाळी सहाला मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत फिरायला जातो आणि तिथं थोडा वेळ उभा राहतो. अंबुबाई बघते. बघू दे.

मला तुला बघायचंय. तीन वर्षं होतील फेब्रुवारीत. तुझा आवाज कसा होता ते मला मधेमधे आठवत नाही, मग मी तुझ्या आईला काहीतरी बोलायला लावतो, कारण तुमचा दोघींचा आवाज सारखा होता. वसुधाला बघायचंय. मी येऊ का? नको म्हणालीस तर येणार नाही, पण पत्र मात्र लिहीत राहीन.

तुझा अप्पा


सोलापूर
१३ फेब्रुवारी १९७७

चि. सौ. दाक्षायणी आणि जावईबापू अंबादास, दोघांना अनेक आशीर्वाद. वसुधेचे पापे.

तुझं पत्र काल आलं. सबंध पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. एक जागा आली तिथं थांबलो, तर ती म्हणाली, "थांबू नका. वाचा."

तू लिहिलंस, "आईला केव्हाही येऊ दे. तुम्हाला यायचं असेल तर एक सांगते. तुम्ही म्हणाला होतात, तुझ्या घरचं पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही. इथे येऊन आपली शिदोरी सोडून कोपऱ्यात जेवणार असाल, नळावरचं पाणी स्वतः भरून पिणार असाल, तर येऊ नका. मला चालेल. पण सासूबाईंना तसं परत बघावं लागलेलं मला चालणार नाही."

परत, हा शब्द तू मुद्दाम घातलास. बरोबर घातलास. नागम्मा आपल्या घरी लग्नाचं बोलणं करायला आल्या होत्या, बेसनाचे लाडू घेऊन. स्वतः केलेले, पितळी डब्यात. मी त्यांना आत या म्हटलं नाही. ओट्यावरच बसवलं. डबा त्यांनी माझ्यापुढे ठेवला, मी त्याला हात लावला नाही. चहासाठी तुझ्या आईनं कप काढला तर मी बाहेरून ओरडून सांगितलं, तो नको, फुटका दे. त्यांनी ऐकलं. फुटक्या कपातला चहा त्या शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या, कप विसळून पालथा घालून ठेवला, आणि नमस्कार करून गेल्या. डबा तिथंच राहिला. संध्याकाळी मुंग्यांनी भरला. त्यांच्याच कोंबड्यांच्या अंड्यांवर माझ्या अंगणातलं कुत्रं जगत होतं, त्या दिवशीही.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईला माहीत आहे, कारण ती तिथं होती. पण माझ्या तोंडून तिनं काल पहिल्यांदा ऐकलं.

वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी सवय मोडायची तर भीती वाटते. घास तोंडात फिरला तर? त्यांना वाटेल, अजून किळस करतो. तसं झालं तर तू त्यांना सांग की ती किळस नव्हे, लाज आहे.

आम्ही दोघं मंगळवारी निघतो. बुधवारी सकाळी कल्याणला उतरून एसटीनं भिवंडी. जावईबापूंनी कामावर खाडा करून घ्यायला येऊ नये, आम्ही पत्ता विचारत येऊ. त्यांच्या समाजातल्या कुठल्याही लुंगीवाल्या तेलुगू माणसाला विचारायचं आणि अंबादासचं नाव सांगायचं, असं तुझ्या आईनं मला शिकवून ठेवलंय. तिला रस्ता पाठ आहे. दारात उभं करून मला ताटकळत ठेवायचं असेल तर ठेवा, मी उभा राहीन. नागम्मांना म्हणावं, जो कप हाताला लागेल तो द्या. वेगळं ताट मांडू नका, माझ्यासाठी वेगळं काही शिजवू नका. तुम्ही सगळे बसाल त्या ओळीत मला बसवा, आणि त्यांनी स्वतः वाढावं एवढी माझी विनंती आहे.

तुझी आई आत्तापासूनच आत धपाट्यांचं पीठ चाळायला बसली होती, दह्याचं मडकंही बाजूला काढलं होतं, गाडीतल्या दोन वेळांसाठी. प्रवासात मी बाहेरचं खात नाही, म्हणून गेली पस्तीस वर्षं ती हेच करत आली आहे. मी तिच्या हातातून चाळण काढून घेतली. तुझ्यापुरतं कर म्हटलं.

मी उपाशी येतोय.

तुझा अप्पा